किर्बी ते वेम्ब्ली : कारखान्यांच्या गावांतून एक वाट

इंग्लंडला जाऊन आलेला मनुष्य लंडनचा राजवाडा, थेम्सचा पूल आणि वेस्टमिन्स्टरचे कॅथीड्रल यांच्या गोष्टी सांगतो. त्या सांगाव्यात, त्यांत काही वावगे नाही. परंतु मध्यंतरी आम्हांस त्या देशाच्या उत्तर भागात काही आठवडे काढण्याचा योग आला, आणि तेथील विटांच्या, धुरकट, सतत रिमझिमणाऱ्या पावसाच्या गावांनी आमच्या मनात जे घर केले ते राजवाड्यांनी केले नाही. ही गावे पाहताना आम्ही एका माणसाची वाट धरली होती. तो माणूस राजा नव्हे, पंडित नव्हे, संत तर नव्हेच. तो फुटबॉल खेळणारा एक गडी. त्याचे नाव रिकी लॅम्बर्ट.

आमच्या खेड्यांतील मुलांना फुटबॉल म्हणजे काय हे सांगावयास नको. बेळगाव-खानापूरकडे आणि घाटाखाली गोव्यात सणाच्या दिवसांत मिस्सा आटोपली की दुपारी मैदानावर चेंडू उडू लागतो. गोव्यात तर हा खेळ आणला तोच मुळी एका धर्मगुरूंनी. १८८३ मध्ये शिवोली येथे फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी मुलांच्या शिक्षणाचा भाग म्हणून तो सुरू केला, असा इतिहास आहे. तेव्हा या पानावर फुटबॉलचा विषय आला म्हणून कोणी भुवया उंचावू नयेत.

तथापि आमच्या मुलांना ठाऊक असतात ती मोठ्या गड्यांची नावे. मोठ्यांच्या खाली किती माणसे आहेत याची कल्पना त्यांस नसते. इंग्लंडात १८८८ साली बारा क्लब एकत्र येऊन फुटबॉल लीग स्थापन झाली. आज सर्वांत वर प्रीमियर लीग आहे, तीत वीस क्लब. तिच्या खाली तीन श्रेण्या, प्रत्येकीत चोवीस क्लब, म्हणजे बहात्तर. त्यांच्याही खाली आणखी श्रेण्या आहेतच. एका हंगामात या खालच्या तीन श्रेण्यांतील प्रत्येक क्लबाला सेहेचाळीस सामने खेळावे लागतात, तेही बहुतांशी थंडीत आणि चिखलात. वरचे नंबर मिळवणारे एक पायरी चढतात, तळाचे एक पायरी उतरतात. क्लब खाली घसरला की खर्च कमी करावा लागतो. मग गड्याचा करार संपतो आणि तो आपली पिशवी उचलून दुसऱ्या गावी जातो. पूर्वी आपल्याकडे गवंडी आणि सुतार जसे काम असेल त्या गावी जाऊन राहत, तसेच हे फिरते कारागीर होत. त्यांतले बहुतेक सबंध आयुष्य खालच्या श्रेण्यांतच घालवतात, आणि त्यांचे नाव त्या त्या गावापलीकडे कोणी घेत नाही.

लॅम्बर्टची वाट किर्बीला सुरू होते. लिव्हरपूल शहराच्या ईशान्येस आठ-दहा किलोमीटरांवर हे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात येथे दारूगोळ्याचा मोठा सरकारी कारखाना होता. युद्धानंतर लिव्हरपूलच्या दाट, पडक्या वस्त्यांतील कुटुंबांना येथे आणून वसवण्यात आले. १९५१ मध्ये जेमतेम तीन हजार वस्तीचे हे गाव १९६१ पर्यंत पन्नास हजारांच्या वर गेले! आलेल्यांत आयरिश वंशाची कॅथॉलिक कुटुंबे पुष्कळ होती. घरे झाली, परंतु दुकाने, करमणुकीची ठिकाणे आणि पुढे पुढे रोजगारही पुरेसा झाला नाही. मुलांपाशी मोकळी जागा आणि चेंडू एवढे मात्र होते. युरोपियन चषक पाठोपाठच्या दोन वर्षी, १९८१ आणि १९८२ मध्ये, ज्या दोन इंग्रज कर्णधारांनी उचलला, ते फिल थॉम्प्सन आणि डेनिस मॉर्टिमर हे दोघेही याच किर्बीत वाढलेले. आम्ही तेथील रस्त्यांवरून चाललो तेव्हा दोन घरांमधल्या गवतावर पाचसहा मुले पावसात खेळत होती. सदऱ्यांचे गोळे करून त्यांनी गोलाचे खांब केले होते. आपल्याकडे दगड ठेवतात, इतकाच काय तो फरक.

रिकीचा जन्म १६ फेब्रुवारी १९८२ चा. दहाव्या वर्षी लिव्हरपूल क्लबाने त्यास आपल्या बालसंघात घेतले. त्या गावच्या मुलाला याहून मोठे भाग्य ते कोणते? पाच वर्षे तो तेथे शिकला. पंधराव्या वर्षी क्लबाने त्यास सांगितले की तुझी येथे गरज नाही. पुढे त्याच लिव्हरपूल क्लबाने आपले प्रशिक्षणाचे केंद्र किर्बीतच बांधले, आणि २०२० पासून तर त्याचा पहिला संघही तेथेच सराव करतो. म्हणजे ज्या क्लबाने त्या मुलाला दार बंद केले, तो क्लब आज त्या मुलाच्या अंगणात येऊन राहिला आहे!

तेथून तो समुद्रकाठच्या ब्लॅकपूलला गेला. ब्लॅकपूल म्हणजे कारखान्यांतील कामकऱ्यांचे सुट्टीचे ठिकाण. लोखंडी मनोरा, झगमगते दिवे आणि थंडगार वारा. पहिल्या संघातून त्याच्या वाट्याला अवघे तीन लीग सामने आले, आणि मग येथूनही निरोप मिळाला. अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण, हाती दुसरी कोणतीही विद्या नाही. पोट भरावयाचे कसे? त्याने बीट भरावयाच्या एका कारखान्यात काम धरले. शिजवलेल्या बीटाच्या बरण्या समोरून येत, त्यांवर झाकणे पिळून बसवावयाची. रोजची मजुरी वीस पौंड. त्याच महिन्यांत तो मॅकल्सफील्ड नावाच्या क्लबात सरावास जात असे. तेथे त्याला वेतन नव्हते. बरण्यांच्या मजुरीतून जाण्यायेण्याचा खर्च निघे.

हा भाग सांगताना इंग्रज लेखक सहसा हसतात, कारण बीट आणि गोल यांचा मेळ त्यांस गमतीचा वाटतो. आम्हांस त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. आमच्या घरांतील कितीतरी मुले काजूच्या कारखान्यात, फाउंड्रीत, हॉटेलांच्या भटारखान्यांत अशीच उभी आहेत. प्रभू येशूने आपल्या आयुष्याची बहुतेक वर्षे सुताराच्या दुकानात काढली. १९५५ साली पोप बाराव्या पायस यांनी मे महिन्याच्या पहिल्या दिवशी कामकरी संत जोसेफ यांचा सण ठरवून दिला, तो उगाच नव्हे. झाकण नीट बसले पाहिजे हा नियम बरणीला लागू आहे आणि माणसाच्या चारित्र्यालाही. जो बरणीत फसवतो तो मैदानावरही फसवणारच.

मॅकल्सफील्ड हे पेनाइन डोंगरांच्या पायथ्याशी वसलेले जुने रेशमाचे गाव. रेशीमगिरण्यांच्या उंच भिंती अजून उभ्या आहेत, एका इमारतीत रेशमाचे संग्रहालय आहे. खालच्या चौकातून टेकडीवरील संत मायकलच्या चर्चकडे जाण्यास दगडी पायऱ्या आहेत, आणि गावकरी त्यांस एकशे आठ पायऱ्या याच नावाने ओळखतात. आमच्या हिंदू शेजाऱ्यांच्या जपमाळेतील मण्यांची संख्याही हीच, हे आठवून आम्हांस मौज वाटली. त्या चढताना आम्हांस तीनदा थांबावे लागले. या गावच्या क्लबाने २००१ मध्ये त्या तरुणाला शेवटी करारावर घेतले. पुढच्याच वर्षी, म्हणजे २००२ मध्ये, स्टॉकपोर्ट काउंटी या क्लबाने त्याच्यासाठी तीन लाख पौंड मोजले. मॅकल्सफील्डसारख्या लहान क्लबाला ती रक्कम केवढी! तथापि तो क्लब पुढे कर्जात बुडाला आणि २०२० मध्ये न्यायालयाच्या आज्ञेने मोडला. त्याच मैदानावर गावाने नव्या नावाने पुन्हा मांड मांडली आहे.

स्टॉकपोर्ट हे टोप्यांचे गाव. एके काळी निम्म्या इंग्लंडाच्या डोक्यावरील टोप्या येथे होत, असे म्हटले तरी चालेल. आज टोप्यांचे संग्रहालय तेवढे राहिले आहे. गावाच्या मध्यभागी सत्तावीस कमानींचा रेल्वेचा अवाढव्य पूल आहे; त्यास एक कोटीहून अधिक विटा लागल्या. त्या पुलाखाली उभे राहिले की मनुष्य फार लहान दिसतो. लॅम्बर्टही येथे लहानच ठरला. अठ्ठ्याण्णव लीग सामन्यांत अवघे अठरा गोल! क्लब घसरत होता, प्रेक्षक चिडत होते. आघाडीच्या गड्याचे हे एक दुःख असते की त्याचे अपयश आकड्यात मोजता येते. बचाव करणाऱ्याची चूक लोक विसरतात. गोल न करणाऱ्याचा हिशेब शेवटच्या पोरालाही तोंडपाठ असतो. २००५ च्या आरंभी तो तेथून बाहेर पडला आणि आणखी एक पायरी खाली, रॉचडेलला आला.

रॉचडेलविषयी मात्र आमच्या वाचकांस थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण त्या गावाचे आपल्यावर ऋण आहे. १८४४ च्या डिसेंबरात तेथील टोड लेन या गल्लीत अठ्ठावीस गरीब माणसांनी, त्यांत विणकर बरेच, प्रत्येकी एक पौंड याप्रमाणे भांडवल जमवून एक दुकान उघडले. लोणी, साखर, पीठ, ओटचा भरडा आणि थोड्या मेणबत्त्या एवढाच माल. परंतु वजन खरे, भेसळ नाही, आणि नफा गिऱ्हाइकांनाच परत. आज आपल्या धर्मग्रामांत ज्या पतपेढ्या व सहकारी सोसायट्या चालतात, त्यांची ही आजी म्हणावयास हरकत नाही. ते दुकान आता संग्रहालय आहे. या गावाशी आपला दुसराही धागा आहे, आणि तो खरोखर कापसाचा आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेना, आणि कामकऱ्यांवर उपासमारीची पाळी आली. त्या वेळी धारवाड आणि खानदेश यांसारख्या आपल्या मुलखांतून मुंबईमार्गे कापूस तिकडे गेला.

अशा या गावाचा फुटबॉल क्लबही गावासारखाच सोशीक. १९७४ पासून २०१० पर्यंत छत्तीस वर्षे तो लीगच्या सर्वांत खालच्या श्रेणीत होता; ना वर चढला, ना खाली पडला. दुसरा कोणी असता तर लोकांनी पाठ फिरवली असती. रॉचडेलकरांनी फिरवली नाही. येथे लॅम्बर्टचे पाय पुन्हा जमिनीला लागले. त्याच्या जोडीला ग्रँट होल्ट नावाचा दुसरा गडी होता. तोही टायरच्या कारखान्यात राबून आलेला. २००५-०६ च्या हंगामात लॅम्बर्टने लीगमध्ये बावीस गोल केले. सहा-सात वर्षांनी दोघेही प्रीमियर लीगमध्ये गोल करताना लोकांनी पाहिले!

२००६ च्या ऑगस्टअखेर ब्रिस्टल रोव्हर्स क्लबाने दोन लाख पौंड देऊन त्यास नेले. उत्तरेचा हा मुलगा प्रथमच दूर नैर्ऋत्येस आला. रोव्हर्स ज्या मैदानावर खेळतात ते १९२१ साली पहिल्या महायुद्धात पडलेल्या ब्रिस्टलच्या रग्बी खेळाडूंच्या स्मरणार्थ उघडलेले आहे. खेळाच्या जागी मृतांची आठवण ठेवण्याची ही रीत आम्हांस फार आवडली. येथे पहिल्याच हंगामात क्लब एक श्रेणी वर चढला. १६ फेब्रुवारी २००८ रोजी, म्हणजे लॅम्बर्टच्या सव्विसाव्या वाढदिवशी, एफ. ए. कपाच्या सामन्यात त्याच्या फ्री किकवर झालेल्या एका गोलाने रोव्हर्सनी वरच्या श्रेणीतील साउथॅम्प्टनला बाहेर काढले. पुढे २००८-०९ मध्ये त्याने लीगचे एकोणतीस गोल केले. आणि २००९ च्या ऑगस्टात, ज्यांना त्याने रडवले होते त्याच साउथॅम्प्टनने दहा लाखांहून अधिक पौंड देऊन त्यास बोलावून घेतले.

साउथॅम्प्टन हे दक्षिण किनाऱ्यावरील बंदर. १९१२ मध्ये टायटॅनिक जहाज येथूनच निघाले. तेथील क्लब १८८५ साली सेंट मेरी चर्चच्या तरुणांच्या मंडळाने सुरू केला. ते चर्च अँग्लिकन पंथाचे; परंतु पवित्र मरियेचे नाव क्लबाच्या मैदानाला आजही आहे, आणि खेळाडूंस सर्व इंग्लंड ‘संत’ म्हणून ओळखते. लॅम्बर्ट आला तेव्हा हे ‘संत’ दिवाळे निघता निघता वाचले होते, तिसऱ्या श्रेणीत घसरले होते, आणि दंड म्हणून त्यांचे दहा गुण कापले होते. तेथील प्रशिक्षकांनी त्यास प्रथमच स्पष्ट सुनावले की तुझे शरीर जड आहे, तू खऱ्या अर्थाने तयार नाहीस. सत्तावीस वर्षांच्या, अंगी यश लागलेल्या माणसाला हे ऐकून राग आला असता तर नवल नव्हते. त्याने ते मनावर घेतले, खाणेपिणे बदलले, शरीर कमावले. कन्फेसराने कान उपटल्यावर जे सुधारतात त्यांचे पुढे बरे होते, हा आमचा अनुभव या गोष्टीने पक्का झाला.

२०११ मध्ये क्लब एक पायरी चढला, २०१२ मध्ये दुसरी. त्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत सर्वाधिक, म्हणजे सत्तावीस गोल लॅम्बर्टचे होते. प्रीमियर लीगमधील पहिल्याच सामन्यात त्याने मँचेस्टर सिटीच्या मैदानावर गोल केला. वय तीस! साउथॅम्प्टनसाठी त्याने चौतीस पेनल्टी मारल्या आणि चौतीसही गोलात घातल्या. पेनल्टी ही ताकदीची गोष्ट नव्हे. हजारो लोक ओरडत असता मन स्थिर ठेवणे, हे ज्याने बरण्यांसमोर तासन्‌तास उभे राहून काढले त्यास बहुधा जमत असावे.

२०१३ च्या ऑगस्टात पत्नीने तिसऱ्या अपत्यास जन्म दिला, आणि त्याच दिवशी त्यास इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचे बोलावणे आले. १४ ऑगस्टला वेम्ब्लीच्या मैदानावर स्कॉटलंडशी सामना होता. दोन-दोन बरोबरी असताना त्यास मैदानात धाडण्यात आले. तीन मिनिटे होतात न होतात तोच इंग्लंडला कॉर्नर मिळाला. चेंडू आला, लॅम्बर्ट उसळला, आणि देशाच्या पोशाखात चेंडूला झालेला त्याचा पहिलाच स्पर्श गोल ठरला! इंग्लंडने सामना तीन-दोन जिंकला. आणि तो कॉर्नर मारणारा कोण? लेटन बेन्स. तोही किर्बीचाच. वेम्ब्लीच्या त्या प्रचंड मैदानावर एका गावच्या दोन पोरांनी हा गोल केला.

गोष्ट येथे संपवली असती तर ती फार गोड झाली असती. परंतु आम्हांस खरे ते सांगितले पाहिजे. २०१४ मध्ये लॅम्बर्ट विश्वचषकासाठी ब्राझीलला गेला. त्याच उन्हाळ्यात ज्या लिव्हरपूलने त्यास पंधराव्या वर्षी घरी पाठवले होते, त्याच लिव्हरपूलने चाळीस लाख पौंड देऊन त्यास परत घेतले. बालपणीचे स्वप्न पुरे झाले. आणि त्या हंगामात लीगमधील त्याचे गोल किती? दोन. बहुतेक वेळ तो बाकावर बसून होता. एका वर्षात तो तेथून निघाला, आणखी दोन क्लबांत खेळला, आणि २०१७ च्या ऑक्टोबरात त्याने निवृत्ती जाहीर केली.

आम्ही या शेवटावर पुष्कळ विचार केला. मुलांना उपदेश करणारे आम्ही लोक नेहमी सांगतो की धीर धर, श्रम कर, म्हणजे तुझे स्वप्न पुरे होईल. लॅम्बर्टची वाट पाहिली की हे अर्धेच खरे वाटते. त्याचे स्वप्न पुरे झाले, परंतु त्याचे खरे दिवस स्वप्नाच्या गावी गेले नाहीत. ते रॉचडेलच्या चिखलात, ब्रिस्टलमध्ये आणि दिवाळखोरीतून उठलेल्या साउथॅम्प्टनमध्ये गेले. जेथे त्याची गरज होती तेथे त्याचे मोल होते. द्राक्षमळ्याच्या धन्याने दिवस मावळता मावळता कामावर बोलावलेल्या मजुरांचा दाखला आपण दर वर्षी देवळात ऐकतो. त्यातील शेवटच्या मजुरास पूर्ण दाम मिळाला एवढेच आपल्या लक्षात राहते. तो दिवसभर चौकात उभा होता आणि घरी निघून गेला नव्हता, हे आपण विसरतो.

आणि लॅम्बर्टला निदान दाम मिळाला. त्याच्याबरोबर सोडले गेलेल्या शेकडो मुलांना तोही मिळाला नाही. बाळपणी क्लबाने घेतलेल्या मुलांतील फार थोडी वर पोहोचतात. उरलेली सुतार होतात, ड्रायव्हर होतात, शिक्षक होतात. त्यांचे काय?

हा प्रश्न आम्हांस दूरचा नाही. आमच्याच पाहण्यात एक मुलगा आहे. दहावीचे वर्ष टाकून तो एका क्लबाच्या निवडीस गेला आणि तीन आठवड्यांनी परत आला. पुढचे दोन रविवार तो मिस्सेला आला नाही. लोक विचारतील याची त्यास लाज वाटत होती, आणि त्याच्या बापास त्याहून अधिक. आम्ही त्या घरी गेलो तेव्हा बाप म्हणाला, “फादर, गावभर सांगून बसलो, आता तोंड कसं दाखवू?” मुलगा माजघरात होता, त्याने हे ऐकले. आमच्या मते त्या मुलाला क्लबाने दिलेला नकार जितका लागला नसेल तितके हे वाक्य लागले.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. मुलगा चांगला खेळत असेल तर त्यास अवश्य खेळू द्या, निवडीस पाठवा, त्यासाठी मिस्सा बोलवा. पण त्याची शाळा सोडवू नका. हाताला दुसरे एखादे काम असू द्या. आणि तो परत आला तर दारात उभे राहून हिशेब मागू नका. अंगणात ये, हातपाय धू, जेव, एवढेच म्हणा. उद्या तो फाउंड्रीत जाईल किंवा पुन्हा दुसऱ्या क्लबात जाईल. कोठेही गेला तरी ताठ मानेने जाईल.

तो मुलगा आता तालुक्याच्या गावी आयटीआयत फिटरचे काम शिकतो. संध्याकाळी धर्मग्रामाच्या लहान मुलांना तोच खेळ शिकवतो. येत्या फेस्ताच्या सामन्यांत आमच्या संघाच्या आघाडीवर तो असेल. ज्यांना वेळ असेल त्यांनी मिस्सेनंतर मैदानावर थांबावे.